घरच्या नेटवर डीडॉस हल्ला होतोय का? आणि झालाच तर करायचं काय?

खटपट्या (धागाकर्ता)

मंडळी, जरा मदत हवी आहे. डीडॉस म्हणजे अनेक यंत्रांवरून एकदम मारा करून कुणाचं नेट तुंबवणं (एकाच यंत्रावरून केलं तर नुसतं डॉस), तसलं काही होतंय का ही शंका आहे. रोज संध्याकाळी आमचं नेट गचके खातं. साधं पान उघडायला अर्धा मिनिट, व्हिडिओ कॉलवर समोरच्याचा पुतळा होतो, मुलीचा ऑनलाइन क्लास मधेच तुटतो. लाइन फायबरची, १०० एमबीपीएस. नेटवाल्यांचं ठरलेलं उत्तर, "आमच्याकडून सगळं ओके दिसतंय."

शेवटी राऊटरचा लॉग उघडला आणि डोळेच पांढरे झाले. "डॉस अटॅक: ॲक स्कॅन", "डॉस अटॅक: सिन फ्लड", "यूडीपी पोर्ट स्कॅन", अशा ओळींची दिवसभर रीघ. त्यात भर म्हणजे घरच्या जुन्या पीसीवर मी मित्रांसाठी माइनक्राफ्टचा सर्व्हर चालवतो. एका बाहेरच्या पोराला भांडणावरून तिथून काढलं, तर जाताजाता तो लिहून गेला, "तुझं नेट पाडतो की नाही बघ."

घरात याशिवाय चार कॅमेरे आणि त्यांचा रेकॉर्डर, टीव्ही, फोटो साठवायला एक नॅस (नेटवर्कला जोडलेली हार्डडिस्क), आणि फोन किती ते विचारू नका.

तर, हा खरंच हल्ला आहे का? लॉगमधले आयपी पत्ते एकेक करून ब्लॉक करत बसू का? आणि खोक्यावर "डॉस प्रोटेक्शन" लिहिलेला महागडा गेमिंग राऊटर घेतला तर फरक पडेल का?

उपद्व्यापी

त्या पोराचा आयपी काढा आणि त्याचंच नेट पाडा. विषय संपला. 😄

तारयंत्र

उपद्व्यापी, गंमत म्हणून ठीक, पण असले सल्ले इथे नकोत. पैसे घेऊन कुणाचंही नेट पाडून देणाऱ्या "बूटर" साइट्स असतात. त्यातली वेबस्ट्रेसर नावाची मोठी साइट एप्रिल २०१८ मध्ये युरोपातल्या पोलिसांनी बंद केली, त्याच वर्षी डिसेंबरात एफबीआयने अशा १५ साइट्सची डोमेन जप्त केली. गिऱ्हाइकांच्या याद्याही पोलिसांच्या हाती लागतात.

खटपट्या, आधी लॉगचं बघू. तुमच्या लॉगमधल्या नव्वद टक्के ओळी निव्वळ कचरा असणार, हे न बघताच सांगतो. आयपीव्ही४ चे (नेटवरच्या पत्त्यांची जुनी पद्धत) सगळे मिळून पत्ते साधारण ४३० कोटी. झेडमॅप नावाचं एक साधन २०१३ मध्ये आलं. एका गिगाबिट लाइनवरून, एकाच संगणकाने, हे सगळे पत्ते एका पोर्टसाठी (पत्त्यावरच्या एका क्रमांकाच्या दारासाठी) पाऊण तासाच्या आत तपासून होतात. मग जगभरातले संशोधक, सर्च करणारे बॉट, चोर, रिकामटेकडे, सगळे दिवसरात्र प्रत्येक पत्त्याचं दार ठोठावत असतात. तुमचंही, माझंही. स्वस्तातला राऊटर त्या प्रत्येक टकटकीला "अटॅक" म्हणून लॉगमध्ये टाकतो.

"ॲक स्कॅन" तर त्याहून मजेशीर आहे. त्या ओळीत सोर्स पोर्ट काय आहे बघा. ४४३ (वेबसाइटचं नेहमीचं पोर्ट) असेल तर ते बहुतेक तुम्हीच उघडलेल्या एखाद्या साइटचं उशिरा आलेलं उत्तर आहे. तुम्ही टॅब बंद केला, राऊटरने त्या कनेक्शनची नोंद पुसली, आणि त्यानंतर एक चुकार पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) येऊन पोचलं. राऊटरला ओळख पटेना, त्याने बोंब ठोकली. एवढंच.

म्हणून लॉग बाजूला ठेवा आणि राऊटरच्या स्टेटस पानावर वॅन पोर्टचा (बाहेरची लाइन जोडलेली असते तो) येणारा आणि जाणारा वेग बघा. नेट गचके खात असेल तेव्हाच बघायचं, नंतर नाही. तीन शक्यता:

येणारा वेग लाइनच्या कमाल आकड्याला भिडलाय आणि घरात कुणी काही डाउनलोड करत नाहीये, तर हल्ल्याचा संशय घ्यायला जागा आहे. खात्रीसाठी घरातली सगळी यंत्रं राऊटरपासून तोडा, वायफाय बंद करा, फक्त एक लॅपटॉप केबलने ठेवा. तरीही वॅनवर धो धो येतच असेल, तर ते कुणीतरी पाठवतंय.

जाणारा वेग भिडलाय, तर भानगड घरातच आहे.

दोन्ही निवांत आहेत आणि तरी नेट मंद, तर तिसरंच काहीतरी. ते पुढे बोलू.

निमूट

पण फायरवॉलचं काय? आयपी ब्लॉक केले, पॅकेट टाकून दिली, मग त्रास कसला? माझ्या राऊटरवर तर देशानुसार ब्लॉक करायची पण सोय आहे.

तारयंत्र

निमूट, पॅकेट टाकून द्यायला ते आधी तुमच्या राऊटरपर्यंत यावं लागतं. आणि ते आलं म्हणजे त्याने लाइनवरची जागा खाल्लेलीच असते. १०० एमबीपीएसच्या लाइनवर कुणी १ जीबीपीएस सोडला तर नेट कंपनीच्या टोकालाच तुंबारा होतो. दाराला कितीही दणकट कुलूप लावलं तरी गल्लीत झालेली गर्दी काही हटत नाही. तुमच्या खऱ्या पॅकेटांना त्या गर्दीतून वाट मिळत नाही, आणि तुमच्या राऊटरला गल्लीवर काडीचा अधिकार नाही.

दुसरं, ते आयपी हल्लेखोराचे नसतातच. यूडीपी म्हणजे आधी ओळख न पटवता पॅकेट पाठवायची पद्धत, तीत पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा घालता येतो. हल्लेखोर तुमचा पत्ता "प्रेषक" म्हणून घालून जगभरातल्या उघड्या डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या) किंवा एनटीपी (वेळ सांगणाऱ्या) सर्व्हरना छोटे छोटे प्रश्न विचारतो. ते बापडे भलीमोठी उत्तरं तुमच्याकडे पाठवतात. एनटीपीच्या जुन्या मॉनलिस्ट कमांडमध्ये प्रश्नाच्या साडेपाचशे पटींपर्यंत उत्तर येई. मेमकॅश या सर्व्हरवरच्या साठवण-प्रणालीचा तर कहर होता, ५१ हजार पटींपर्यंत. २८ फेब्रुवारी २०१८ ला गिटहबवर १.३५ टीबीपीएसचा मारा झाला तो त्यातूनच. आता तुम्ही ब्लॉक कुणाला करणार? कुठल्यातरी विद्यापीठाच्या घड्याळाच्या सर्व्हरला?

यावरचा खरा इलाज नेट कंपन्यांच्या हातात आहे. आपल्या गिऱ्हाइकाकडून खोट्या पत्त्याचं पॅकेट बाहेरच जाऊ द्यायचं नाही, बस. याची शिफारस मे २००० पासून लिहून ठेवलेली आहे, बीसीपी ३८ म्हणतात तिला. पंचवीस वर्षं होऊन गेली, अजून सगळ्यांनी केलेलं नाही. कारण उघड आहे: खर्च ज्याने करायचा, त्याला फायदा नाही. फायदा दुसऱ्याच्या गिऱ्हाइकाला.

गेमिंग राऊटरबद्दल. ते "डॉस प्रोटेक्शन"चं बटण अगदीच खोटं नाही. सिन फ्लड, म्हणजे अर्धवट कनेक्शनं सुरू करून समोरच्याची वही भरून टाकणं, हा जुना प्रकार. १९९६ मध्ये न्यूयॉर्कची पॅनिक्स ही नेट कंपनी त्याने दिवसच्या दिवस हैराण झाली होती. सिन कुकीजची, म्हणजे वहीत नोंद न करताच उत्तर द्यायची, युक्ती निघाली ती त्याच काळात. राऊटरमधलं बटण अशा पॅकेटांवर मर्यादा घालून स्वतःचा प्रोसेसर वाचवतं. छोट्या माऱ्यात त्याचा उपयोग होतो. लाइनच तुंबली तर शून्य. शिवाय काही मॉडेलांत ते बटण चालू केलं की हार्डवेअर ॲक्सलरेशन (पॅकेट पुढे ढकलायला वेगळ्या चिपची मदत) बंद पडतं आणि नेहमीचा वेगच उतरतो. त्यासाठी नवा राऊटर घेऊ नका.

चौकसबाई

वाचतेय. उत्तम चाललंय. एक बाळबोध शंका: मुळात आपला आयपी त्या मुलाला कळला कसा?

मधलीसुट्टी

ताई, गेम सर्व्हर घरी असला की कळायचा प्रश्नच नाही, सगळ्यांना तोच पत्ता दिलेला असतो. डायनॅमिक डीएनएसचं (बदलत्या आयपीसाठीचं कायमचं) नाव दिलं असेल तरी त्यामागे आयपी तोच.

सर्व्हर नसला तरी वाटा आहेत. काही गेम खेळाडूंना थेट एकमेकांशी जोडतात, म्हणजे समोरच्याला तुमचा पत्ता दिसतोच. कुणीतरी दिलेल्या लिंकवर टिचकी मारली तर त्या साइटच्या मालकाला दिसतो. फोनवरच्या कॉलचंही तसंच. व्हॉट्सॲपचा दोघांतला कॉल शक्य असेल तेव्हा थेट जोडला जातो. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, मग ॲडव्हान्स्ड, तिथे कॉलमध्ये आयपी पत्ता लपवायची सोय आहे, ती चालू केली की कॉल त्यांच्या सर्व्हरमार्गे जातो. सिग्नलमध्ये "नेहमी रिले करा" असा पर्याय आहे. टेलिग्राममध्ये थेट कॉल कुणाशी जोडायचा ते ठरवता येतं. डिस्कॉर्डचा व्हॉइस मुळातच सर्व्हरमार्गे जातो, तिथे ही चिंता नाही.

स्ट्रीमिंग करणाऱ्यांनी आणखी एक पाळावं: स्क्रीन शेअर करताना राऊटरचं पान किंवा सर्व्हरचा कन्सोल उघडा ठेवू नये. त्यात आयपी लख्ख दिसतो आणि रेकॉर्डिंग कायम राहतं.

निमूट

आयपी कळला तर बदलून टाकायचा. राऊटर बंद-चालू. एवढा मोठा धागा कशाला?

मधलीसुट्टी

बदलतोच असं नाही ना. पीपीपीओई (नाव-पासवर्डने जोडणं) असेल तर डिसकनेक्ट करून परत जोडल्यावर बहुधा नवा मिळतो. डीएचसीपी (पत्ता आपोआप, ठराविक मुदतीने मिळणं) असेल तर लीज, म्हणजे ती मुदत, संपेपर्यंत जुनाच परत येतो, मग राऊटर बराच वेळ बंद ठेवा, नाहीतर वॅनचा मॅक पत्ता (यंत्राचा हार्डवेअर क्रमांक) बदला. काही कंपन्या मॅक बांधून ठेवतात, तिथे बदललात तर नेटच लागणार नाही, हे ध्यानात ठेवून करा. स्टॅटिक आयपी विकत घेतला असेल तर कंपनीला फोन करण्यावाचून गत्यंतर नाही.

आणि नवा आयपी घेऊन परत त्याच नावाने सर्व्हर सुरू केलात तर त्या पोराला नवा पत्ता आपणच नेऊन दिल्यासारखं आहे.

तारयंत्र

मधलीसुट्टीला अनुमोदन. त्याआधी एक तपासा: तुम्हाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता आहे का? राऊटरमध्ये वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान सुरू होत असेल, किंवा "माझा आयपी काय" विचारणाऱ्या साइटवर दिसतो त्यापेक्षा वेगळा असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. एकच पत्ता अनेक घरांत वाटलेला. अशा वेळी बाहेरून थेट तुमच्या राऊटरवर काही आदळत नाही. मारा झालाच तर तो कंपनीच्या यंत्रावर होतो, आणि शेजारपाजारचे सगळे मिळून शिव्या घालतात. सर्व्हर चालवणारे सीजीनॅटला नावं ठेवतात, पण या एका बाबतीत ते फुकटचं चिलखत आहे. खटपट्यांचा सर्व्हर बाहेरून लागतोय, म्हणजे त्यांच्याकडे ते नसणार.

खटपट्या (धागाकर्ता)

बरोबर, माझा पत्ता सार्वजनिक आहे. आज संध्याकाळी तुम्ही सांगितलं तसं बघितलं. जरा चक्रावलोय.

लॉगमधल्या ॲक स्कॅनच्या ओळी बघितल्या, जवळपास सगळ्यांत सोर्स पोर्ट ४४३. म्हणजे तो बागुलबुवाच निघाला.

पण नेट गचके खायला लागलं तेव्हा वॅनचं पान उघडून बसलो होतो. येणारा वेग किरकोळ. जाणारा मात्र टोकाला टेकलेला. फोन सगळे वायफायवरून काढले, टीव्ही बंद केला, नॅस बंद केली. आकडा ढिम्म हलेना. मग स्विचमधून एकेक केबल उपटत गेलो. कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरची केबल काढली आणि आकडा धपकन खाली. परत लावली, थोडा वेळ शांत, आणि मग पुन्हा वर.

रेकॉर्डरच्या नावाने राऊटरच्या कनेक्शन यादीत एकाच परक्या पत्त्याकडे यूडीपीची भलीमोठी माळ लागलेली होती, पोर्ट दर वेळी वेगळं. क्लाउड बॅकअप मी कधी चालू केलेलाच नाही. हे काय प्रकरण आहे?

तारयंत्र

एकच पत्ता, बदलती पोर्टं, यूडीपी, अपलोड फुल्ल. खटपट्या, तुमच्यावर हल्ला होत नाहीये. तुमच्या घरातून दुसऱ्या कुणावर तरी होतोय. केबल काढलीत ना, ती तशीच राहू द्या.

चौकसबाई

अगंबाई! म्हणजे कॅमेरा रेकॉर्डर चोरांना सामील?

तारयंत्र

ताई, अगदी तसंच. आणि हा काही जगावेगळा प्रकार नाही, याचा इतिहास सांगण्यासारखा आहे.

२०१६ मध्ये मिराई नावाचा बॉटनेट, म्हणजे चोरांनी ताब्यात घेतलेल्या यंत्रांची फौज, निघाला. करणारे अमेरिकेतले विशी-बाविशीतले तिघे, पुढे डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केल्याचं जाहीर झालं. गंमत बघा, मूळ भांडण माइनक्राफ्ट सर्व्हरच्या धंद्यातलं होतं. प्रतिस्पर्ध्याचा सर्व्हर पाडायचा आणि त्याची गिऱ्हाइकं ओढायची. त्यासाठी त्यांनी संगणक नाही पकडले. पकडले कॅमेरे, रेकॉर्डर आणि घरचे राऊटर. पद्धत अगदी बावळट वाटावी अशी: टेलनेट पोर्ट (दुरून लॉगिन करायचं जुनं दार, क्रमांक २३) उघडं आहे का बघायचं, आणि कारखान्यातून आलेल्या नाव-पासवर्डच्या साठेक जोड्या लावून बघायच्या. ॲडमिन-ॲडमिन, रूट-१२३४५६, आणि एका कंपनीचे सुटे भाग वापरणाऱ्या असंख्य रेकॉर्डरांत चालणारा रूट-एक्ससी३५११. लागला पासवर्ड की यंत्र आपलं. वर मिराई टेलनेटची वाट स्वतः बंद करून घ्यायचा, दुसरा चोर आत येऊ नये म्हणून.

सप्टेंबर २०१६ मध्ये ब्रायन क्रेब्स या सुरक्षा-पत्रकाराच्या साइटवर ६२० जीबीपीएसच्या आसपासचा मारा झाला. त्यानंतर करणाऱ्यांनी सोर्स कोडच उघड टाकून दिला, आणि मग कुणीही उठावं आणि आपापला मिराई बनवावा अशी स्थिती झाली. २१ ऑक्टोबरला डाइन या डीएनएस कंपनीवर हल्ला झाला, तेव्हा ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट, स्पॉटिफाय बऱ्याच लोकांना काही तास उघडेनात.

नोव्हेंबरअखेर जर्मनीत जे झालं ते आपल्या विषयाला जास्त जवळचं. डॉइचे टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख गिऱ्हाइकांचं नेट गेलं. राऊटर दुरून सांभाळायला कंपन्या एक पोर्ट वापरतात, ७५४७. मिराईचा एक नवा अवतार त्या पोर्टावरून आत शिरायला बघत होता. ते राऊटर त्याच्या ताब्यात गेले नाहीत, पण सतत येणाऱ्या विनंत्यांनी लटकले. कुणी त्या घरांवर नेम धरून डीडॉस केला नव्हता. चोर नुसता दारोदार फिरत होता, तेवढ्याने दारं मोडली.

तो वंश अजून जिवंत आहे. २९ ऑक्टोबर २०२४ ला क्लाउडफ्लेअरने ५.६ टीबीपीएसचा एक हल्ला अडवला, ८० सेकंदांचा. मागे मिराईच्याच एका भाईबंदाने पकडलेली १३ हजारांवर यंत्रं. अशी यंत्रं म्हणजे खटपट्यांच्या कपाटावर बसलेल्या रेकॉर्डरसारखी.

खटपट्या (धागाकर्ता)

काटा आला वाचून. पण मी राऊटरमध्ये फक्त माइनक्राफ्टचं पोर्ट उघडलं होतं. रेकॉर्डरपर्यंत बाहेरून कुणी पोचलं कसं?

मधलीसुट्टी

यूपीएनपी. राऊटरमध्ये ते चालू असेल तर घरातलं कुठलंही यंत्र राऊटरला सांगू शकतं, "माझ्यासाठी अमुक पोर्ट उघड," आणि राऊटर मुकाट उघडतो. पासवर्ड नाही, विचारणा नाही. रेकॉर्डर मोबाइल ॲपवर सहज दिसावेत म्हणून पुष्कळ मॉडेलं हेच करतात. राऊटरच्या यूपीएनपी पानावर उघडलेल्या पोर्टांची यादी असते, ती बघा आणि मग ते बंद करा. एखादा गेम कुरकुरला तर त्याच्यापुरतं एक पोर्ट हाताने उघडा.

तिथेच शेजारी "डीएमझेड होस्ट" असेल, तो रिकामा आहे ना ते बघा. त्यात कुणाचा पत्ता घातला की ते यंत्र सगळ्याच पोर्टांनी बाहेर उघडं पडतं. आणि "रिमोट मॅनेजमेंट" बंद. तपासायला सोपं आहे: फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून ब्राउझरमध्ये आपला सार्वजनिक आयपी टाका. राऊटरचं लॉगिन पान उघडलं तर जगातल्या प्रत्येकाला ते उघडतंय.

निमूट

वॅनवरून पिंगला (कुणी आहे का विचारणाऱ्या हाकेला) उत्तर देणंही बंद करावं. "स्टेल्थ" होतो राऊटर.

तारयंत्र

करा हवं तर, नुकसान नाही, पण त्याने फार काही साधत नाही. ज्याला तुमचा पत्ता ठाऊक आहे तो पिंग करून खात्री करत बसत नाही. आणि आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) असेल तर सरसकट आयसीएमपी (पिंग आणि तसले निरोप) अडवू नका. पॅकेट मोठं झालं हे सांगणारे निरोपही त्यातूनच येतात, ते अडले की काही साइट्स अर्धवट उघडून लटकतात आणि कारण सापडता सापडत नाही.

आयपीव्ही६ बद्दल दुसरं: तिथे नॅटचा (सगळ्या घराला मिळून एकच सार्वजनिक पत्ता असण्याचा) आडोसा नसतो, घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता असू शकतो. राऊटरची आयपीव्ही६ फायरवॉल वेगळी असते, ती चालू आहे ना ते एकदा बघून घ्या. बहुतेक राऊटरांत असते, सगळ्यांत नाही.

कोपऱ्यातला

धागा हल्ल्याचा आहे, पण इथे नंतर येणाऱ्यांसाठी लिहितो, कारण "माझ्यावर डीडॉस होतोय" म्हणणाऱ्या बहुतेकांचं दुखणं वेगळंच निघतं.

एक: बफरब्लोट. घरात कुणाच्या फोनचा फोटो बॅकअप सुरू झाला, अपलोड भरलं, की राऊटर पॅकेटांची लांबलचक रांग लावतो आणि पिंग (उत्तर परत यायला लागणारा वेळ) २० वरून ८०० मिलिसेकंदांवर जातं. लक्षणं हुबेहूब हल्ल्यासारखी. राऊटरमध्ये एसक्यूएम (ही रांग आटोक्यात ठेवणारी सोय) असेल, एफक्यू-कोडेल किंवा केक नावाने, तर ते चालू करा आणि वेग लाइनपेक्षा थोडा कमी भरा. गेमिंग राऊटरपेक्षा हे एक सेटिंग जास्त कामाचं.

दोन: नॅटचा तक्ता, म्हणजे राऊटरची चालू कनेक्शनची वही, भरणं. टॉरंटवाले हजारो कनेक्शनं उघडतात. लिनक्समध्ये चालू टीसीपी कनेक्शनची नोंद मुळात पाच दिवस ठेवतात. राऊटर बनवणाऱ्याने ती मुदत कमी केली नसेल तर तक्ता भरतो आणि नवं काहीच उघडत नाही. "राऊटर रीस्टार्ट केला की दोन दिवस झकास" असं ज्यांचं असतं त्यांनी इथे बघावं.

तीन: फक्त वायफाय तुटतं, केबलवर ठणठणीत. शेजाऱ्यांची चॅनलं आदळत असतील. क्वचित कुणी डीऑथ करत असतो, म्हणजे "तुझं कनेक्शन तुटलं" असं राऊटरच्या नावाने खोटं सांगत राहतो. जुन्या वायफायमध्ये त्या निरोपावर सही-शिक्का काहीच नसे. २००९ च्या ८०२.११डब्ल्यू या वायफाय मानकाने ती सोय आली, डब्ल्यूपीए३ या नव्या सुरक्षा-पद्धतीमध्ये ती सक्तीची आहे. राऊटरमध्ये "प्रोटेक्टेड मॅनेजमेंट फ्रेम्स" किंवा पीएमएफ दिसलं तर चालू करा. जुना प्रिंटर रुसेल, त्याच्यासाठी वेगळ्या नावाचं वायफाय ठेवा.

चौकसबाई

वाचनखूण साठवली. पण समजा खरोखरच हल्ला आला, वॅनवर धो धो, तर त्या क्षणी फोन कुणाला आणि बोलायचं काय? आमच्या नेटवाल्यांकडे फोन केला की "राऊटर बंद करून चालू करा" याच्या पुढे गाडी जात नाही.

तारयंत्र

पहिल्या पायरीवरच्या पोरांच्या हातात ते नसतंच, त्यांच्यावर चिडून उपयोग नाही. "तक्रार एनओसीकडे पाठवा" म्हणा (एनओसी म्हणजे नेटवर्क सांभाळणारा कक्ष) आणि चारच गोष्टी सांगा: तुमचा वॅन आयपी, सुरू झाल्याची वेळ, यूडीपी की टीसीपी आणि कुठल्या पोर्टवर, आणि सगळी यंत्रं तोडूनही येणारा वेग तसाच राहिला हे. शेवटचं वाक्य सगळ्यात वजनदार. त्यावरून समोरच्याला कळतं की बोलणाऱ्याने घरातलं तपासून घेतलंय.

ते बहुधा तुमचा पत्ता ब्लॅकहोल करतील. म्हणजे त्या पत्त्याला येणारं सगळंच, चांगलं-वाईट न बघता, कंपनीच्या दारातच फेकून देतील. त्याने तुमचं नेट जातं, शेजाऱ्यांचं वाचतं. म्हणून त्याच फोनमध्ये नवा आयपी मागून घ्या. मोठ्या गिऱ्हाइकांना गाळणी लावून चांगलं तेवढं पुढे सोडायची सेवा मिळते, घरगुती कनेक्शनला ती कुणी लावत नाही.

आणि घाबरू नका. भाड्याचे बूटर काही मिनिटांच्या हप्त्याने विकले जातात. पैसे संपले की मारा थांबतो. त्या वेळात फोनचा हॉटस्पॉट वापरा, कामं अडणार नाहीत.

मधलीसुट्टी

खटपट्या, माइनक्राफ्टचं मनावर घ्या. घरच्या लाइनवरून अनोळखी लोकांसाठी सर्व्हर चालवू नये, या मतावर मी आलोय. भाड्याच्या सर्व्हरवर हलवा, डीडॉस संरक्षण आधीच दिलेला बघून. पोरगं बडबडलं तर बडबडू दे, तो पत्ता तुमच्या घरचा नसेल. फक्त घरचे मित्रच असतील तर वायरगार्ड (घरच्या नेटवर्कमध्ये बाहेरून यायची खाजगी व्हीपीएन वाट) लावा. ओळख न पटलेल्या पॅकेटला वायरगार्ड उत्तरच देत नाही, बाहेरून बघणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. नॅसवरचे फोटो बाहेरून बघायलाही तेच वापरा, नॅसचं पान थेट नेटवर उघडू नका.

खटपट्या (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. कालपासूनची हकिकत:

रेकॉर्डर बंद, नेट एकदम मक्खन. यूपीएनपीच्या यादीत त्याने उघडलेली तीन पोर्टं सापडली, त्यात २३ पण होतं. यूपीएनपी बंद केलं, राऊटरचा पासवर्ड बदलला, फर्मवेअर (त्यातलं सॉफ्टवेअर) अपडेट केलं. एसक्यूएम माझ्या राऊटरमध्ये नाही. माइनक्राफ्ट भाड्याच्या सर्व्हरवर हलवला, घरचा आयपी बदलून घेतला. त्या पोराने काही केलंच नव्हतं बहुतेक, नुसत्या बाता.

आता रेकॉर्डरचं काय करू? बंद-चालू केला की हे मिराई जातं म्हणे, मेमरीतच असतं. मग पासवर्ड बदलून परत जोडू का?

उपद्व्यापी

भंगारात. 😄

तारयंत्र

मिराई मेमरीत राहतो आणि रीस्टार्टला जातो हे खरं. पण उघडं पोर्ट आणि जुना पासवर्ड तसाच असेल तर काही मिनिटांत परत येतो. शिवाय सगळेच बॉट असे नसतात. २०१८ चा व्हीपीएनफिल्टर नावाचा बॉट आठवा, किमान ५ लाख यंत्रांत शिरला होता. एफबीआयने लोकांना राऊटर रीस्टार्ट करायला सांगितलं, तरी त्याचा पहिला टप्पा रीस्टार्टनंतरही टिकून राहायचा. तुमच्यात नक्की कुठला आहे हे घरबसल्या कळणं कठीण.

त्या जातीच्या रेकॉर्डरमध्ये आणखी एक मेख असते. वेब पानावर तुम्ही बदलता तो पासवर्ड वेगळा, आणि टेलनेटचा फर्मवेअरमध्येच कोरलेला, तो तिथून बदलतच नाही. म्हणून कंपनीच्या साइटवर नवं फर्मवेअर आहे का ते आधी बघा. असेल तर फॅक्टरी रीसेट करून, नेट न जोडता, ते पेनड्राइव्हवरून चढवा. शेवटचं फर्मवेअर पाच-सहा वर्षांपूर्वीचं असेल तर त्या रेकॉर्डरला नेट दाखवायचंच नाही.

निमूट

नेट नाही तर मोबाइलवर कॅमेरे कसे दिसणार?

तारयंत्र

राऊटरमध्ये त्या रेकॉर्डरच्या पत्त्याला बाहेर जायला बंदी घाला. "पॅरेंटल कंट्रोल" किंवा "ॲक्सेस कंट्रोल" नावाने ही सोय जवळपास सगळीकडे असते. जमलं तर त्याला वेगळ्या व्हीलॅनवर (घरातल्याच नेटवर्कचा वेगळा केलेला भाग) टाका, म्हणजे नॅसकडेही त्याची नजर जायला नको. घरात असताना कॅमेरे नेहमीसारखे दिसतील. बाहेर असताना फोनवरून आधी वायरगार्डने घरात या, मग रेकॉर्डरचा घरातला पत्ता उघडा. कंपनीचं ॲप चालणार नाही, ब्राउझर किंवा आरटीएसपी (कॅमेऱ्याचा व्हिडिओ पाठवायची पद्धत) चालवणारं कुठलंही ॲप चालेल.

खटपट्या (धागाकर्ता)

जमलं! फर्मवेअर जुनंच निघालं, म्हणून बंदी घातली आणि वायरगार्डवरून मोबाइल डेटावर चारही कॅमेरे दिसले. फक्त रेकॉर्डरचं घड्याळ आता रोज थोडं मागे पडतंय.

तारयंत्र

नेट तोडल्यामुळे त्याला वेळ विचारायला एनटीपी सर्व्हर मिळत नाहीये. तुमच्या नॅसमध्ये एनटीपी सर्व्हरची सोय असणार, ती चालू करा आणि रेकॉर्डरच्या टाइम सेटिंगमध्ये नॅसचा पत्ता भरा. व्हीलॅन केलं असेल तर तेवढं एकच पोर्ट, यूडीपी १२३, रेकॉर्डरकडून नॅसकडे मोकळं ठेवा. नॅसचा एनटीपी बाहेरच्या बाजूला मात्र उघडू नका.